८-८ च्या दोन की १६ ची एकच?

कापसाचे पैसे हाती आले की दर्यापूरकडे लॅपटॉपची चौकशी सुरू होते. रॅम (चालू कामाची मेमरी) १६ जीबी, हे भाच्याचं ठरलं होतं, अडलं रॅमच्या पट्ट्या किती यावर.

८-८ च्या दोन असल्या की ड्युअल चॅनलमुळे, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी चालल्यामुळे, डेटाची वाट रुंद होते, एका बैलाऐवजी जोडी जुंपल्यासारखी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ग्राफिक्सही हीच रॅम वापरतं, म्हणून गेममध्ये फरक चांगलाच जाणवतो. टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, टॅली यांत फारसा नाही.

१६ ची एकच घेतली तर दुसरा स्लॉट, म्हणजे पट्टी बसवायची खाच, रिकामा राहतो, पुढे ३२ करणं सोपं. (स्लॉट आहे ना, ते दुकानातच विचारा, काहींत रॅम बोर्डावरच कायमची सोल्डर केलेली असते.)

भाचा बीकॉमला. त्याला एकचवाला घ्यायला लावला. गेमला मोबाइल आहेच की!