डिपॉझिट अडकलंय: बोलणी, नोटीस, लोकअदालत की कोर्ट?

अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपताना मुंबईत होणारा वाद सहसा काही हजारांचा असतो. रक्कम सोडून द्यावी इतकी लहान नसते आणि कोर्टाची पायरी चढावी इतकी मोठीही नसते. त्यामुळे मार्ग ठरवण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा: भांडण नेमकं किती रुपयांचं आहे, आणि ते पैसे आत्ता कोणाच्या हातात आहेत.

आधी खरा आकडा काढा

समजा कांदिवलीतला वन बीएचके, भाडं 30,000, डिपॉझिट 1,00,000, राहणं 22 महिने. घरमालकांनी कापलेले पैसे असे: रंगकाम 25,000, गिझर 4,500, पंखा 1,800, शेवटचं लाइट बिल 2,300. एकूण 33,600. भाडेकरू म्हणतो, "माझे तेहतीस हजार खाल्ले." तसं ते नसतं.

लाइट बिल देणं आहेच. पंख्याचं पातं भाडेकरूच्या हातून वाकलं असेल तर दुरुस्तीची पावती बघून तेही द्यावं. गिझरची कॉइल वापरून जळली असेल तर ती झीज आहे, तो खर्च मालकाचा. रंग हा कळीचा मुद्दा. दोन वर्षांच्या वापराने मळलेल्या भिंती म्हणजे नुकसान नव्हे. चिकटपट्टीचे हुक काढताना पोपडे आले, ड्रिलची भोकं राहिली, तर त्या एका भिंतीचा खर्च, म्हणा 5,000, मागणं रास्त आहे. म्हणजे योग्य कपात 9,100, आणि खरा वाद 24,500 चा. निर्णय या आकड्यावर घ्यायचा, लाखावर नाही.

मात्र ॲग्रीमेंटमध्ये "जाताना रंगकामापोटी एक महिन्याचं भाडं वजा होईल" असं कलम असेल, तर वर झिजेबद्दल सांगितलेलं बरंचसं निकालात निघतं. हे कलम सही करण्याआधी वाचायचं असतं.

सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क, कोणी कापले असतील तर विरोध करा. ते सोसायटी सभासदाकडून घेते, आणि तेही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. करारात तुम्ही ते भरायचं कबूल केलं नसेल तर ते तुमचं देणं नाही.

चावी देण्याआधी की नंतर?

सगळ्या मार्गांमध्ये सर्वांत मोठा फरक इथेच पडतो. चावी तुमच्याकडे असेपर्यंत दोन्ही बाजूंना घाई असते: मालकांना नवा भाडेकरू आणायचा असतो, तुम्हाला नव्या घराचं डिपॉझिट भरायचं असतं. चावी दिली की घाई फक्त तुम्हालाच उरते.

म्हणून घर सोडण्याच्या आठ-दहा दिवस आधी मालकांना बोलावून घर दाखवा. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, नळ आणि स्विच चालू करून दाखवलेला, लाइट मीटरच्या रीडिंगचा फोटो. महानगर गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं, तेव्हा गॅस मीटरचाही फोटो घ्या. न आलेल्या बिलांसाठी ठरावीक रक्कम, उदाहरणार्थ 3,000, मागे ठेवून बाकीचे पैसे चावीच्या वेळीच यूपीआयने घ्यायचे, असं ठरवा आणि ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. "बिल आलं की सगळं एकदम देतो" याला हो म्हणू नका. तीन हजारांच्या बिलासाठी लाख रुपये अडकतात ते इथेच.

पण पैसे मिळेपर्यंत मुदतीनंतरही घर अडवून बसणं हा वेगळा खेळ आहे, आणि तो महागात पडतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 नुसार लायसन्सची, म्हणजे अशा लीव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंटची, मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. दबाव मुदतीच्या आतच टाकायचा.

"शेवटची भाडी डिपॉझिटमधून कापा"

मुंबईतला हा सर्रास चालणारा उपाय. मालक परगावी असतील, किंवा आधीच्या भाडेकरूला त्यांनी रडवल्याचं वॉचमनकडून कळलं असेल, तर मोह होणारच. संमतीने केलं तर याच्याइतका स्वस्त मार्ग नाही. परस्पर केलं तर तो करारभंग आहे, आणि थकबाकीदार म्हणून पहिला डाग तुमच्यावर लागतो.

मधला रस्ता असा: नोटीस पीरियड सुरू होतानाच लेखी विचारा, डिपॉझिट साधारण तीन भाड्यांइतकं आहे, त्यातून दोन महिन्यांचं भाडं वळतं करून एका महिन्याची रक्कम बिलं आणि दुरुस्तीसाठी ठेवूया का? बऱ्याच मालकांना हे सोयीचं पडतं, कारण डिपॉझिट खर्च झालेलं असतं आणि एकरकमी परत करायला त्यांच्याकडेही पैसे नसतात.

नोटीस की पोलीस स्टेशन?

लोक आधी पोलिसांकडे धावतात. डिपॉझिट परत न देणं हा बहुतेक वेळा दिवाणी वाद असतो. पोलीस फार तर अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, करून घेतात. पैसे वसूल करून देणं त्यांचं काम नाही. सामान अडवलं, बाहेरून कुलूप लावलं, धमकी दिली किंवा मारहाण केली, तर मात्र लगेच जा. मालकांनीही हे लक्षात ठेवावं. थकलेल्या भाड्यापायी भाडेकरूचं सामान जिन्यात काढून ठेवलं, की फिर्यादी आणि आरोपी यांची अदलाबदल होते.

पैशांसाठी नोटीस जास्त कामाची. आधी स्वतःचं एक पानी मागणीपत्र पाठवा: कराराची तारीख आणि नोंदणी क्रमांक, डिपॉझिट कसं दिलं, चावी कधी दिली, मान्य कपात, बाकी रक्कम, 15 दिवसांची मुदत आणि बँक खात्याचा तपशील. रजिस्टर पोस्ट 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टने पाठवून पोहोच जपून ठेवा. सोबत ईमेलही करा. वकिलाची नोटीस दुसऱ्या फेरीसाठी ठेवा. पहिल्याच पत्रात "फौजदारी कारवाई"च्या धमक्या दिल्या की समोरचाही वकील गाठतो, आणि जे पैसे तुम्हाला मिळायचे ते दोन वकिलांत वाटले जातात.

करार नोंदणीकृत नसेल, नुसता नोटरी केलेला असेल, तर नोटिशीत भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 चा उल्लेख करा. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. तो नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वरच्या उदाहरणातल्या घराची अकरा महिन्यांची स्टॅम्प ड्युटी 0.25 टक्के दराने साधारण साडेआठशे रुपये होते, नोंदणी फी 1,000. एवढे वाचवण्यासाठी हा धोका पत्करणारे मालक आजही आहेत.

लोकअदालत, ग्राहक आयोग, कोर्ट

नोटिशीने काम झालं नाही आणि वाद पन्नास हजारांच्या आतला असेल, तर आमचा कौल लोकअदालतीला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व, म्हणजे कोर्टात दावा न लावताच, अर्ज करता येतो. कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली की तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकीलही मिळू शकतो. मर्यादा एकच, पण मोठी: समोरचा आलाच नाही किंवा तडजोडीला तयार झाला नाही, तर काही होत नाही. ज्या मालकांना सोसायटीत नाव जपायचं असतं, ते येतात. परदेशी बसलेले सहसा येत नाहीत.

पीजीत राहणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. जेवण, साफसफाई, वायफाय असं देऊन कोणी धंदा म्हणून पीजी चालवत असेल, तर ती सेवा आहे असं म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षं, आणि तुम्ही राहता तिथल्या आयोगातही तक्रार चालते. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर नोंद करून बघा. निव्वळ भाड्याने घेतलेल्या फ्लॅटसाठी मात्र हा दरवाजा भरवशाचा नाही.

कोर्टाचं म्हणाल तर चोवीस हजारांसाठी नको. वकिलाची फी आणि तारखांना बुडणारे दिवस मिळून रक्कम सहज पार होते. हेवी डिपॉझिटवर, म्हणजे मोठी रक्कम ठेवून नाममात्र किंवा बिनभाड्याने, घर घेतलं असेल आणि पाच-दहा लाख अडकले असतील, तर मात्र वेळ घालवू नका. पैशांच्या दाव्याची मुदत तीन वर्षं आहे. बृहन्मुंबईत लायसन्सवर दिलेल्या जागेचा ताबा आणि भाडं यांचे वाद धोबी तलाव आणि वांद्र्याच्या लघुवाद न्यायालयात चालतात, मग रक्कम कितीही असो. नुसतं डिपॉझिट परत मागायचं तर दावा तिथे लावायचा की शहर दिवाणी न्यायालयात, हा वकिलाला पहिला प्रश्न विचारा. जागा चुकली तर दावा परत येतो आणि महिने जातात.

मालकांसाठी भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 खालच्या सक्षम प्राधिकाऱ्याचा, म्हणजे यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचा, रस्ता कोर्टापेक्षा सुटसुटीत आहे, पण तो जागा रिकामी करून घेण्यासाठी. लेखी करार तिथे निर्णायक पुरावा धरतात. समन्स मिळालेल्या भाडेकरूने 30 दिवसांत प्रतिज्ञापत्रासह बचावाची परवानगी मागितली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य केलं असं समजतात. "माझं डिपॉझिट द्या, मग बघू" म्हणत समन्स फ्रीजवर ठेवून देणारे इथे हरतात.

चेकवर तडजोड झाली तर

मालक पुढच्या तारखांचे चेक देत असतील तर घ्या, पण चेक कशापोटी आहेत ते दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या करा. चेक तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरा. वटला नाही तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस पैसे भरायला द्यायचे, आणि तरीही आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या (चेक न वटण्याबद्दलच्या) कलम 138 खाली तक्रार दाखल करायची. या तिन्ही मुदती पाळल्या, तरच साधं डिपॉझिटचं भांडण फौजदारी होतं. पहिली नोटीस 31 व्या दिवशी गेली, तर त्या मेमोवर कलम 138 चालत नाही. चेकची मुदत उरली असेल तर तो पुन्हा भरून नवा मेमो घ्यावा लागतो.