महालातले पेटीवाले काका आणि आमच्या स्टाफरूमचा गांधार

दुकानाला पाटी नाही, तेव्हा नाव विचारू नका. पेटी म्हणजे हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या या काकांना आम्ही आपले 'पेटीवाले काका' म्हणतो. नागपूरच्या महाल भागात गांधी गेटातून आत शिरायचं, भांड्यांच्या दुकानाशेजारच्या बोळात वळायचं आणि एकच सूर सारखा वाजतोय असं जिथून ऐकू येईल तिथे थांबायचं. चारचाकी नेऊ नका. मी पेटी मांडीवर घेऊन आमच्या शिपाईदादांच्या गाडीवर मागे बसून गेलो, तेच बरं पडलं.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. आमचे संगीताचे सर निवृत्त झाले तेव्हा स्वतःची पेटी स्टाफरूममध्येच ठेवून गेले. "वाजवा, नाहीतर झुरळं वाजवतील," एवढंच म्हणाले. तेव्हापासून मधल्या सुट्टीत आमची बैठक असते. वीस मिनिटांची सुट्टी, त्यातली आठ डब्यात जातात. हेडक्लर्क भाऊ भजनं गातात, आणि ते गात असताना पगारबिलाची चौकशी करायची कोणाची टाप नाही. इतिहासाच्या मॅडम नाट्यगीतं गातात. शिपाईदादा मोझरीकडचे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनात वाढलेले; त्यांची खंजिरी सुरू झाली की शेजारच्या खोलीतले गणिताचे सरसुद्धा वह्या तपासताना ताल धरतात, कबूल मात्र करत नाहीत. पेटी माझ्याकडे. चाळिशीनंतर शिकलो, त्यामुळे भाता मारताना अजून जीभ बाहेर येते म्हणे.

यंदा मे महिन्यात पेटी ऑफिसच्या कपाटावर राहिली आणि वर टिनाचे पत्रे. नागपूरचा मे म्हणजे सांगायला नको. जूनच्या शेवटी शाळा उघडली तेव्हा लाकूड आटून एक चीर गेलेली, भात्यातून हवा सुटत होती, आणि मधल्या सप्तकातला पंचम पट्टी न दाबताच वाजत होता. सीताबर्डीवरच्या एका दुकानात दाखवली. तिथल्या पोराने झाकणसुद्धा न उघडता "नवीन घेऊन टाका सर" असं सांगितलं.

काकांनी पहिला प्रश्न वेगळाच विचारला. "पेटी कोण वाजवते ते राहू द्या. गाते कोण, ते सांगा ना जी."

मी व्हिडिओ पाहून तयारीनिशी गेलो होतो. म्हटलं, आम्हाला गांधार ट्यूनिंग करून द्या, म्हणजे एक 'सा' धरून पेटी शुद्ध स्वरांत लावून द्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: नेहमीच्या पेटीत बाराही स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, लगतच्या दोन स्वरांमध्ये 100 सेंट (सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप). त्यामुळे शुद्ध गांधार (ग) षड्जापासून (सा) 400 सेंटवर येतो. कानाला तो गोड लागतो 386 वर. हे 14 सेंट वाचायला किरकोळ वाटतात, पण काळी एकच्या, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीच्या, 'सा'बरोबर पेटीतला गांधार दाबून धरा, सेकंदाला अकराएक ठोके अशी थरथर ऐकू येते. 1940 ते 1971 आकाशवाणीने पेटीला बंदी घातली होती, त्यामागच्या तक्रारींत हे सुरांचं दुखणंही होतं. ही माहिती मॅडमची. मला तर फक्त ठोके मोजता येतात.

काकांनी विचारलं, "भाऊ कोणत्या पट्टीत गातात?" काळी एक. "आन् मॅडम?" काळी पाच.

"मंग नाही जमत. भाऊचा गांधार गोड होइन, मॅडमचा बोंबलन."

मला पटेना. दुसऱ्या दिवशी ऑफ तासाला कागद घेऊन बसलो. पेटी काळी एकला धरून शुद्ध स्वरांत लावली, तर मॅडमचा 'सा' येतो भाऊंच्या धैवतावर, 884 सेंटवर. मॅडमचा गांधार येतो भाऊंच्या वरच्या कोमल रिषभावर, 1312 वर. वजाबाकी केली, 428. हवे होते 386. म्हणजे 14 चा आजार घालवायला जाऊन मॅडमच्या गळ्यात 42 चा बांधला असता. काकांनी हे आकडेमोड न करता, भिंतीला टेकून, सुपारी कातरत सांगितलं होतं. मी मुकाट्याने साधंच ट्यूनिंग करायला सांगितलं. गांधार ट्यूनिंग जास्त पैशांचं काम होतं आणि काकांनी ते स्वतःहून नाकारलं, म्हणून हे सगळं लिहायला बसलो.

काम कसं करतात ते तासभर बघत बसलो. रीडच्या, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी पातीच्या, टोकाला हलकेच घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. कारण मला तोंडपाठ आहे: टोकाचं वजन घटलं की कंपनं वाढतात, बुडाचा ताठपणा घटला की कमी होतात. पण पितळेच्या एवढ्याशा पातीवर दोनदा कानस फिरवून सूर जागेवर येताना प्रथमच ऐकला. खर्ज (खालचे सूर) आणि नर (मधले सूर) हे रीडचे दोन्ही संच त्यांनी कानानेच लावले. घरी येऊन मी मोबाइलवर गुपचूप तपासले. काळी तीनचा खर्ज थोडा उतरलेला निघाला, बाकी चोख. न दाबता वाजणाऱ्या पंचमाचं कारण म्हणजे पट्टीखालचं चामडं किड्यांनी खाल्लेलं. ते बदललं, चीर बुजवली, भात्याच्या घड्यांना नवीन पट्ट्या लावल्या. एकूण 3,800 रुपये. आम्ही चौघांनी वर्गणी काढली, पाचवा वाटा गणिताच्या सरांनी न मागता दिला.

आता तक्रारी. चार दिवस सांगून अकरा दिवस लावले. फोन उचलत नाहीत. उचलला तर "आणतो बाहेर" म्हणतात, म्हणजे काय ते आजतागायत कळलेलं नाही. पावती मागितली तर वहीचं पान फाडून दिलं. आमचं जुनं मखमली आवरण दुकानातच हरवलं आणि बदल्यात जे दिलं ते दुसऱ्या मापाचं आहे, मागून पेटी उघडी राहते. भाऊंना आवरणाचं फार लागलंय. गुरुवारी मी वरच्या सप्तकातला निषाद लागत नाही म्हणालो, तर म्हणे, "आवरण असतं तर लागला असता."

पाचपैकी चार. कार्यक्रम तोंडावर असेल तर देऊ नका, निदान पंधरा दिवस हाताशी ठेवा. आणि जाताना गाणाऱ्याला सोबत न्या. काळी तीनच्या खर्जासाठी मला परत जायचंच आहे, या खेपेला मॅडम येणार म्हणतात. दुकान सोमवारी बंद असतं, रविवारी सकाळी दहानंतर उघडतं.