फर्लर अडकतोय? ‘बेअरिंग गेलंय’ एवढ्यावर पैसे देऊ नका

शिडाच्या बोटीचं पुढचं शीड गुंडाळणारा फर्लर हे फसवणुकीसाठी अगदी सोयीचं यंत्र आहे, कारण त्यातलं महत्त्वाचं सगळं झाकलेलं असतं. बेअरिंगचे बॉल ड्रमच्या पोटात, डोलकाठीला पुढून धरणाऱ्या फोरस्टेची वायर शीड ज्यावर गुंडाळतं त्या फॉइलच्या नळीत आणि शीड वर चढवणाऱ्या हॅलयार्ड या दोरीचं स्विव्हल, म्हणजे फिरता सांधा, पार डोलकाठीच्या टोकाशी. डेकवरच्या माणसाला दिसतो तो फिरणारा ड्रम आणि त्यात जाणारी फर्लिंगची, म्हणजे शीड गुंडाळायची दोरी. मला गंडवणाऱ्या रिगरने (शिडं-दोर बसवणाऱ्या कारागिराने) याच झाकलेपणावर दोन बिलं काढली.

वापरलेली जिब, म्हणजे पुढचं शीड, त्याच्याचकडून घेतली होती, फर्लरवर चढवूनही त्यानेच दिली. वारा पडलेला असला की शीड चटकन गुंडाळलं जायचं. वारा जरा वाढला की मात्र दोन-तीन वेढे पडून ड्रम घट्ट. जोर लावला की हिसका देऊन थोडा फिरायचा आणि पुन्हा थांबायचा. अर्धवट उघडं शीड फडफडतंय, शीड ताणून धरणारे शीटचे दोर डेकवर आपटतायत, अशा वेळी माणूस सांगेल ते ऐकतो. रिगरने दोरी एकदा ओढून पाहिली आणि निदान केलं, “बेअरिंग गेलंय, बॉल बदलावे लागतील.”

बदलून झाल्यावर त्याने ड्रम बोटाने फिरवून दाखवला. भुरळ पडावी इतका हलका. बोटीवर माझी एक सवय आहे: हॅलयार्ड योग्य ताणात असताना दोरी पकडून ठेवणाऱ्या क्लचच्या तोंडाशी दोरीवर मार्करने खूण करून ठेवतो. रिगर गेल्यावर पाहिलं तर ती खूण चांगली चार बोटं डोलकाठीकडे सरकलेली. म्हणजे दाखवण्याआधी त्याने हॅलयार्ड सैल सोडला होता. आणि आधी ‘तपासताना’ दोर ओढायच्या विंचवर जादा झटके दिले होते, तेही मग आठवलं. हॅलयार्ड अति ताणला की स्विव्हलवर भार येतो आणि चांगला फर्लरही जड फिरतो. ताण किती, तर शिडाच्या पुढच्या कडेवरच्या आडव्या सुरकुत्या जातील इतकाच. हा हिशोब ज्याला माहीत आहे, तो त्याच फर्लरला पाच मिनिटांत आजारी पाडतो आणि पाच मिनिटांत बरंही करतो.

मी ताण पूर्ववत केला, वारा आला, ड्रम पुन्हा अडकला. पुन्हा तेच निदान, पुन्हा बिल. या वेळी मी जुने बॉल मागितले. त्याने पिशवीत घालून गंजलेले पोलादी बॉल दिले. घरी येऊन कंपनीच्या माहितीपुस्तिकेतलं सुट्या भागांचं चित्र काढलं, तर या बनावटीत बॉल प्लॅस्टिकचे! प्लॅस्टिकला गंज कसा चढेल? ड्रमच्या स्क्रूंवर वाकून पाहिलं तेव्हा खाचांत मिठाचा पांढरा खडा जसाच्या तसा बसलेला. त्या स्क्रूंना पान्हा लागलाच नव्हता. बाहेरून मात्र ग्रीस थापलेलं, तेही जिथे कंपनी नुसतं गोडं पाणी मारा म्हणते तिथे. त्यात वाळू आणि मीठ चिकटून बसतं ते वेगळंच.

खरी भानगड वर होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. स्विव्हलचे दोन भाग असतात. खालचा शिडाबरोबर फिरतो, वरचा हॅलयार्डला बांधलेला असतो आणि तो स्थिरच राहिला पाहिजे. त्यासाठी हॅलयार्ड फोरस्टेशी थोडा कोन करून, साधारण ८ ते १० अंशांनी, मागच्या बाजूला ओढणारा हवा. माझी जिब फॉइलच्या मानाने चांगली दीड हात आखूड. त्यामुळे स्विव्हल खालीच अडकून राहायचं आणि हॅलयार्ड फॉइलला जवळजवळ समांतर जायचा. मग शीड गुंडाळताना वरचा भागही फिरतो आणि हॅलयार्ड फॉइलभोवती वेढे घेतो. उपाय अगदी किरकोळ: शिडाच्या शेंड्याला वायरचा तुकडा आणि शॅकल (जोडकडी) लावून स्विव्हल फॉइलच्या वरच्या टोकाजवळ न्यायचं, पण टोकाच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही. डोलकाठीची रचना अशी असेल की तरीही कोन मिळत नाही, तर हॅलयार्ड मागे धरणारी कडी डोलकाठीवर बसवतात. आखूड जिब विकणाऱ्याला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

पैशांचं एक वेळ सोडा. दुसऱ्या रिगरकडून डोलकाठी उतरवून घेतली तेव्हा फोरस्टेच्या वरच्या टर्मिनलवर (वायर जिथे अडकवतात त्या टोकावर) कोरी पांढरी टेप गुंडाळलेली दिसली. ती सोडली तर १९ तारांच्या वायरमधल्या दोन तारा टर्मिनलच्या तोंडाशीच तुटलेल्या. हॅलयार्ड फॉइलभोवती अडकलेला असताना फर्लर जोराने ओढला की वायरला पीळ बसतो, तो असा. फोरस्टे तुटला की डोलकाठी मागे, म्हणजे आपल्याच डोक्यावर. आणि बिलावर लिहिलेलं, ‘फोरस्टे तपासला, उत्तम.’

म्हणून कुणाला बोलावण्याआधी वारा नसताना शीड पूर्ण उतरवा आणि ड्रम हाताने फिरवा. मोकळा फिरला तर खालचं बेअरिंग बहुधा ठीक आहे, दोष दुसरीकडे शोधा. मग शीड चढवून, एकाला फर्लिंगची दोरी ओढायला लावून दुर्बिणीतून स्विव्हलचा वरचा भाग बघा. तो हलला की निदान झालं. मोकळा लोंबणारा दुसरा हॅलयार्ड शिडाच्या गुंडाळीत शिरत नाही ना, हेही त्याच वेळी दिसेल. फर्लिंगची दोरी ड्रममध्ये काटकोनात जायला हवी, आणि शीड उघडताना तिला हाताचा हलका ताण ठेवा, नाहीतर ड्रमवरचे वेढे एकमेकांत रुततात. अडकलेला फर्लर विंचने कधीही ओढू नका. माझ्या त्या दोन तारा बहुधा तशाच गेल्या, कारण “विंच लावा, सुटेल” हाही त्याचाच सल्ला होता.

दुरुस्तीला द्यायचाच असेल तर ड्रम तुमच्यासमोर उघडायला सांगा, आणि उंचावरच्या कामाचे आधीचे-नंतरचे फोटो मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. बिलावर नुसतं ‘बेअरिंग’ नको, भागाचा क्रमांक हवा. माझ्याकडे गंजलेले बॉल, पुस्तिकेतलं चित्र आणि स्क्रूंचे फोटो होते म्हणून दुसऱ्या बिलाचे पैसे परत मिळाले. पहिल्या बिलाबाबत तो आजही ठाम आहे की बॉल बदलले होते, आणि टेप त्याने लावलीच नाही म्हणतो.