पोर्टेबल मॉनिटरच्या नावाखाली माझे ७,६७९ रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

मोबाईलवर '१५.६ इंची फुल एचडी आयपीएस पोर्टेबल मॉनिटर, फक्त ६,४९९' अशी जाहिरात दिसली तर पुढे सरका. मी ६,४९९ भरले आणि नंतर 'रिटर्न पिकअप'चे म्हणून १,१८०. एकूण ७,६७९ रुपये. एकही परत आलेला नाही.

मी ऑडिटचं काम करते. सांगली, इचलकरंजी, सोलापूर अशी फिरती असते आणि दिवसभराचं राहिलेलं रात्री लॉजवर पुरं करावं लागतं. चौदा इंची लॅपटॉपवर एकीकडे टॅली, दुसरीकडे बँक स्टेटमेंट, वर पार्टीची एक्सेल. दुसरा पडदा माझी गरज होती, चैन नव्हे. नावाजलेल्या कंपन्यांचे मला दिसले ते दहा-बारा हजारांचे. हा साडेसहाला होता. दोन हजारांना असता तर कुणालाही संशय आला असता. ही माणसं किंमत बरोबर तिथेच ठेवतात, जिथे ती स्वस्त वाटते पण खोटी वाटत नाही.

पैसे भरताना क्यूआर स्कॅन केला आणि स्क्रीनवर कंपनीचं नाव न येता एका माणसाचं नाव आलं. ते मी वाचलं. पिन टाकायच्या आधी वाचलं. तो क्षण अजून डोक्यातून जात नाही, कारण तिथे बोट उचललं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण आमच्या वाण्याचा क्यूआरही त्याच्या स्वतःच्याच नावावर आहे, इस्त्रीवाल्याचा, भाजीवालीचाही. रोज आपण अशाच नावांवर पैसे पाठवतो. छोटा विक्रेता असेल असं वाटलं, आणि तसं वाटण्यात काही वावगं होतं असं मला आजही वाटत नाही. मात्र वेबसाइटवर 'प्रायव्हेट लिमिटेड' लिहिलेलं असेल आणि खातं व्यक्तीचं असेल, तर पैसे पाठवू नका. हा फरक मला कुणी आधी सांगायला हवा होता.

पार्सल आलं, मॉनिटरही आला, आणि इथेच हा प्रकार नेहमीच्या फसवणुकीपेक्षा वाईट आहे. खोक्यात वीट निघाली असती तर तक्रार तरी सरळ झाली असती. हा पडदा चालू होतो. विंडोजमध्ये १९२० × १०८०, म्हणजे फुल एचडी, दाखवतो. पण एक्सेलमधले आकडे फिसकटलेले, ३ आणि ८ मधला फरक कळेना. ऑफिसातल्या आयटीवाल्या मुलानं एकाआड एक काळ्या-पांढऱ्या, एकेका पिक्सेलच्या रेघांचं चित्र शंभर टक्के आकारात लावून पाहिलं. खऱ्या फुल एचडीवर रेघा सुट्या दिसतात, इथे राखाडी चिखल झाला. आतलं पॅनेल १३६६ × ७६८ चं निघालं. आतलं सर्किट मोठा सिग्नल घेतं आणि लहान पॅनेलवर दाबून बसवतं, लॅपटॉपला पत्ताच लागत नाही. स्वस्त प्रोजेक्टरमध्ये हीच लबाडी चालते. मॉनिटरच्या यूएसबी-सी म्हणजे टाइप-सी पोर्टानं चित्रही येत नव्हतं, त्या पोर्टातून फक्त वीज जात होती. तेव्हा विकत घेताना पॅनेलचं मूळ रिझोल्यूशन लेखी मागा आणि लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टातून डिस्प्ले निघतो का तेही आधी पाहा. खोकं फोडताना लेबलापासून सलग व्हिडिओ घ्या.

बिल खोक्यातच होतं. पत्ता दिल्लीचा आणि जीएसटी नंबर २४ नं सुरू होणारा, म्हणजे गुजरातचा. दिल्लीचा ०७ असतो. हे मला एका नजरेत कळलं, माझं कामच ते आहे, पण पैसे जाऊन आठवडा झाला होता. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला तर नाव निघालं एका कापड व्यापाऱ्याचं. तुम्ही नंबर पैसे देण्याआधी मागा. देत नसेल तर विषय संपला.

मग मॉनिटर विकणाऱ्यांचा फोन. "मॅडम, पूर्ण रिफंड होईल, पिकअपचे १,१८० भरा, ते धरूनच परत येतील." हजार अधिक अठरा टक्के, व्यवस्थित पावतीसह. परतीसाठी आधी पैसे मागणारा चोर असतो हे मला माहीत होतं. पण वस्तू खरंच आली होती, म्हणून माणसंही खरी वाटली.

सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लागता लागेना. लागला तेव्हा तक्रार क्रमांक मिळाला, बाकी काही नाही. पोलिस ठाण्यात साहेब म्हणाले, "वस्तू मिळालीय ना तुम्हाला? मग हा ग्राहक मंचाचा विषय." सायबर पोलिसांकडे गेले तर रक्कम ऐकूनच चेहरा बदलला. बँकेत उत्तर ठरलेलं, पिन तुम्हीच टाकलात. कुरिअरवाले पाठवणाऱ्याचा पत्ता देईनात, 'पोलिसांचं पत्र आणा' म्हणाले, आणि पोलिस पत्र देईनात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, ती कंपनीकडे पाठवली म्हणे. कुठल्या कंपनीकडे? ग्राहक आयोगात, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचात, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही हे खरं आहे, पण नोटीस बजावायला खरा पत्ता लागतो, आणि पत्ता शोधायचं काम कुणाचंच नाही. साडेसात हजार ही या सगळ्यांच्या लेखी लहान रक्कम आहे. अशाच लहान रकमा शेकडो लोकांकडून घेतल्या की कुणी एफआयआर करत नाही, हे त्या चोरांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मला ७,६७९ पेक्षा या टोलवाटोलवीचा संताप जास्त आहे.

तरीही १९३० वर पहिल्या तासातच फोन करा, कारण पैसे बँकेच्या खात्यांत असेपर्यंतच ते गोठवता येतात. शक्य असेल तर क्रेडिट कार्डानं पैसे द्या, निदान बँकेकडे व्यवहारावर वाद घालता येतो. कॅश ऑन डिलिव्हरीवर विसंबू नका, खोकं बहुतेकदा पैसे दिल्यावरच उघडायला मिळतं.

जाहिरात अजून चालू आहे, दुकानाचं नाव तेवढं बदललंय. करड्या टेबलावर मॉनिटर, शेजारी पांढरा मग, कोपऱ्यात लाल पट्टीवर 'ऑफिस क्लोजिंग सेल'. दिसली की लगेच रिपोर्ट करा.