नव्वदच्या पुढे थरथरणारी गाडी आणि माझे ४,१५,०००

आधी आकडे सांगतो. डीलरकडून घेतलेल्या जुन्या गाडीचे ४,१५,०००. आरसी नावावर करून देण्याचे वेगळे ८,५००. आणि ती गाडी एक्सप्रेसवेवर नेण्यालायक करायला आणखी ५३,३००, त्यातले २५,२५० निव्वळ पाण्यात. गाडी बघायला मेकॅनिक नेला होता, त्याचे ५०० यात धरलेले नाहीत.

हो, मेकॅनिक नेला होता. हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, कारण ज्याला त्याला विचारायचा असतो तो हाच प्रश्न. मी काही बुद्धू नाही. ऑफिसात लोकांची बिलं तपासतो, बारा रुपयांचा फरक निघाला तरी व्हाउचर परत पाठवतो. आणि हाच माणूस बायपासच्या कडेला, पताका लावलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन उल्लू बनून आला. लिहायला इतके महिने लागले ते या लाजेपोटीच.

गाडी २०१५ ची स्विफ्ट डिझेल, व्हीडीआय. सिंगल ओनर, पांढरा रंग, वर चकचकीत पंधरा इंची अलॉयची चाकं. या मॉडेलला कंपनीकडून चौदा इंची साधी लोखंडी रिम येते, हे मला माहीत होतं. विचारलंही. डीलर म्हणाला, "दादा, आधीचा मालक हौशी होता. पंचवीस हजारांचे अलॉय तुम्हाला फुकटात चाललेत." दिवस पितृपंधरवड्याचे. या दिवसांत कोणी गाडी घेत नाही, म्हणून भाव पडलेले असतात, हा माझा हिशेब. ४,४०,००० सांगितले होते, ४,१५,००० वर तुटलं. ११,००० टोकन त्याच दिवशी, डिलिव्हरी दसऱ्याला. मी खूश.

आता ती टेस्ट ड्राइव्ह. ती मी मनात शंभर वेळा पुन्हा चालवली आहे.

शेजारी डीलरचा पोरगा बसलेला. वीस-बावीसचा, गोड बोलणारा. सर्व्हिस रोडने निघालो. गाडी लोण्यासारखी. गिअर हलके, एसी थंडगार. मी म्हटलं, जरा बायपासला घेऊ, पळवून बघू. तर म्हणाला, "दादा, डिझेल काट्यावर आहे. मध्येच बंद पडली तर मालक माझा पगार कापेल. पुढच्या कटवरून यू-टर्न मारा." मी काटा पाहिला. खरंच रिझर्व्हवर होता. मला त्या पोराची दया आली. यू-टर्न मारला. पूर्ण फेरीत गाडी ५५ च्या वर गेली नाही.

यू-टर्न घेताना समोर पेट्रोल पंप होता. म्हणजे अगदी समोर, हवा भरणाऱ्या माणसाची टोपी दिसेल इतका. पाचशेचं डिझेल टाकलं असतं आणि दहा मिनिटं बायपासला गेलो असतो, तर पुढचं काहीच लिहावं लागलं नसतं. विक्रीच्या गाडीत डिझेल कधीच नसतं, हे लक्षात घ्या. ते संपलेलं नसतं, ठेवलेलंच नसतं. स्वतःच्या पैशाने टाका.

इतक्यावर भागलं नाही. परत येऊन गाडी लावली तेव्हा मी खाली वाकून चाकं पाहिली. पुढच्या उजव्या अलॉयच्या आतल्या बाजूला बॅलन्सिंगचे वेट चिकटवलेले, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करायला लावतात ते तुकडे. एक-दोन नव्हे, कोऱ्या राखाडी तुकड्यांची चांगली वीतभर ओळ. बाकीच्या चाकांना दोन-तीन तुकडे. ते पाहून मला वाटलं काय? की बघा, नुकतंच बॅलन्सिंग करून दिलंय, माणूस प्रामाणिक दिसतो. एका चाकाला एवढं वजन लावावं लागलं म्हणजे त्या चाकातच काहीतरी मोडतोड आहे, हे शेंबड्या पोरालाही सुचावं. मेकॅनिक तेव्हा बॉनेटमध्ये डोकं घालून होता. ऑइलचं झाकण काढून धूर बघितला, कूलंट बघितलं, "इंजिन मख्खन आहे" म्हणाला. इंजिन मख्खनच आहे, आजही आहे. चाकांकडे कोणी बघत नाही, आणि म्हणून चाकांमध्येच लपवतात.

दसऱ्याला, १२ ऑक्टोबर २०२४ ला, झेंडूचा हार घालून गाडी घरी आणली. आईने ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. पुढच्या उजव्या चाकाखाली.

तीन आठवडे घर ते ऑफिस, ४०-५० चा वेग. काही नाही. ३ नोव्हेंबरला भाऊबीज, बहीण ठाण्याला. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर उर्सेचा टोलनाका सोडला, रस्ता मोकळा मिळाला, ८०, ८५, आणि स्टेअरिंगला मुंग्या आल्यासारखं व्हायला लागलं. नव्वदला हात थरथरायला लागले. ९५ ला आतला आरसा असा हलायला लागला की मागचा ट्रक दोन ट्रक दिसावा. मागून आई म्हणाली, "रस्ता खराब आहे का रे?" रस्ता आरशासारखा होता. ७० वर आलो की सगळं गायब, पुन्हा ८५ ला गेलो की हजर. शंभरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर मी सत्तरने, ट्रकच्या रांगेत, फराळाचे डबे खडखडत ठाण्याला पोचलो.

डीलरला फोन केला. म्हणाला, "गाडी उभी होती ना दादा, टायर बसतात. चालवा, आपोआप जाईल." ही थाप अर्धी खरी असते, म्हणून पचते. उभ्या गाडीचे टायर खरंच चपटे बसतात, पण बहुतेक वेळा थोडं चालून गरम झाले की पूर्ववत होतात. ठाण्याला जाऊन आलो तरी माझे बसलेलेच? मग म्हणाला अलाइनमेंट करा. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग मिळून ९५०. मशीनवर चारही चाकं शून्य, म्हणजे वजनात फरक नाही. एक्सप्रेसवेवर तेच. दुसऱ्या दुकानात पुन्हा ९५०. पुन्हा शून्य, पुन्हा तेच. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका अंगाने झिजतात. ठरावीक वेगालाच थरथरणं हा सहसा तिचा आजार नव्हे. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दुकानदाराला होतं, पण त्याचं मशीन मोकळं होतं.

मग डीलरने "आपलाच माणूस आहे" म्हणून एका गॅरेजला पाठवलं. डीलरच्या माणसाकडे कधीही जाऊ नका. त्या पठ्ठ्याने आधी इंजिनची फाउंडेशनं, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ती रबरं, बदलली, ६,८००. नंतर चाक धरून ठेवणारे लोअर आर्म आणि त्यांचे रबरी बुश, ७,३५०. शेवटी एक्सल, चाक फिरवणारा दांडा, ९,२००. दर वेळी "आता बघा साहेब". आणि तीनही वेळा त्याने गाडी गल्लीत फिरवून आणली. ज्या वेगाला दुखणं उठतं त्या वेगाला नेऊन न बघताच ऑपरेशन!

राग कशाचा येतो सांगू? फाउंडेशनचा संशय पाच मिनिटांत, फुकटात फिटला असता. मोकळ्या रस्त्यावर गाडी नव्वदला न्यायची आणि क्षणभर क्लच दाबायचा. इंजिन चाकांपासून सुटतं, त्याचे फेरे उतरतात. तरी थरथर तशीच राहिली, तर दोष इंजिनात किंवा फाउंडेशनात नाही, चाकं, टायर किंवा हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) इथे कुठेतरी आहे. एक्सलचंही तसंच. आतला जॉइंट गेला असेल तर थरथर अॅक्सिलरेटर दाबताना वाढते आणि पाय काढला की ओसरते. माझी पाय काढल्यावरही जशीच्या तशी होती. ब्रेक दाबतानाच हलली असती, तर ब्रेकची डिस्क बघायला हवी होती. या तीन गोष्टी मला बिलं भरून झाल्यावर कळल्या. तुम्ही आधी करून घ्या, शेजारी कोणाला तरी बसवून.

ज्याने रोग पकडला, ते सोमाटणे फाट्याजवळचे एक टायरवाले काका. पंक्चर काढायला थांबलो होतो, सहज विषय काढला. काकांनी विचारलं, "स्टेअरिंगला हलते का सीटला?" म्हटलं, स्टेअरिंगला. "मग रोग पुढं हाय." पुढची चाकं मागे, मागची पुढे टाकली आणि म्हणाले जुन्या हायवेला एक चक्कर मारून या. स्टेअरिंगची थरथर निम्म्याहून कमी, आणि सीट हलायला लागली. रोग चाकाबरोबर मागे गेलेला. परत आलो तर नुसते हसले. ते उजवं चाक पुन्हा पुढे चढवलं, चाक जॅकवर, रिमच्या काठाजवळ एक स्क्रूड्रायव्हर टेकवून धरला आणि चाक हाताने फिरवलं. टोक एकदा रिमला घासायचं, एकदा दूर जायचं. घासलं, सुटलं, घासलं, सुटलं. आतल्या काठाला ठोकून सरळ केल्याच्या खुणा, वर चंदेरी रंग. त्या रंगालाच मी भुललो होतो.

मग चाक काढून मधलं भोक दाखवलं. स्विफ्टच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा. या अलॉयचं भोक ७३.१. बाजारातले अलॉय असेच येतात, अनेक गाड्यांना बसावेत म्हणून मोठ्या भोकाचे, आणि मधली जागा भरायला एक प्लास्टिकची रिंग घालायची असते. काही शे रुपयांची वस्तू. माझ्या चारही चाकांना ती नव्हती. काकांनी फटीत करंगळी घालून दाखवली. म्हणजे चाक नुसत्या चार नटांच्या भरवशावर, नट केसभर तिरके आवळले गेले की चाक मध्यावरून सरकलेलं. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक शंकूने बरोबर मध्यात धरलं जातं, म्हणून तिथे शून्य. गाडीवर चढलं की चोर पुन्हा चोर. दोन दुकानांतलं "शून्य" खरंच होतं, माझ्या गाडीसाठी निरुपयोगी होतं इतकंच. टायरच्या कडेवरचे चार आकडेही त्यांनीच वाचून दाखवले: दोन टायरवर ३२१६, म्हणजे २०१६ चा बत्तिसावा आठवडा. आठ वर्षांचे टायर, काळा पॉलिश मारलेले. हे आकडे वाचायला ना मेकॅनिक लागतो ना पैसा. मी वाचले नव्हते. काकांनी घेतले ३००.

मूळ लोखंडी रिम मग गेल्या कुठे? हा प्रश्न पडला आणि मी फाइल उघडली. गाडीबरोबर मिळालेली जुनी पॉलिसी. त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट: ०%. पहिलाच मालक, नऊ वर्षांची गाडी, आणि बोनस शून्य! क्लेम नसता तर तो ५० टक्क्यांपर्यंत चढतो. शून्य म्हणजे आदल्या वर्षी क्लेम, नाहीतर पॉलिसीत मोठा खंड. तो कागद पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होता. बिलं तपासणाऱ्या माणसाकडे. सर्व्हिस सेंटरने आधी माहिती नाकारली, आरसी दाखवल्यावर दिली: ऑगस्ट २०२३, उजव्या बाजूने धडक, १,०६,००० चा क्लेम. डीलरचे शब्द होते, "धक्कासुद्धा लागलेला नाही, देवाशप्पथ."

पुढे जुन्या बाजारातून चार लोखंडी रिम ५,२००, नवे टायर १८,४००. तरी किंचित थरथर उरली, ती उजव्या हबची. वाकडेपणा मोजणारं डायल गेज लावल्यावर वाकलेला निघाला. ४,१५०. आता शंभरला स्टेअरिंगवर दोन बोटं ठेवून जातो. पण ते जाऊ दे.

तक्रार. पोलीस चौकीत अर्ज दिला: धडक लपवून गाडी विकली, नव्वदच्या पुढे थरथरते. साहेबांनी वाचला आणि विचारलं, "नव्वदच्या पुढं चालवता कशाला?" मी सांगितलं, रस्त्याची मर्यादा शंभर आहे. "गाडी चालते ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे." मी म्हटलं, पूर्वीचं ४२०, आता न्याय संहितेचं ३१८. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही चोरून आणलंय. दुसऱ्यांदा गेलो, साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा गेलो, अर्ज सापडेना. चौथ्यांदा पोच मिळाली, तीही मी झेरॉक्स स्वतः नेली म्हणून.

आरटीओत तीन खिडक्या. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, नमुना २९बी. या माणसाकडे ते आहे का, एवढंच मला हवं होतं. पहिल्या खिडकीने दुसरीकडे, दुसरीने जेवणानंतर या म्हणून, आणि तिसरीने माझी आरसी उलटीपालटी करून सांगितलं, "२०३० पर्यंत व्हॅलिड आहे की, काय प्रॉब्लेम आहे?" अहो, आरसी थरथरत नाही, गाडी थरथरते! माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय. तुम्ही मात्र टोकन देण्याआधीच ते अधिकारपत्र मागा. नाही म्हणाला की चपला घाला.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं, एवढं चांगलं आहे. पण वकील म्हणाले, तज्ज्ञाचा लेखी अहवाल लागेल. मोठ्या तीन गॅरेजांत विचारलं. तिघांनीही तोंडी सगळं सांगितलं, लिहून द्यायला एकही तयार नाही. "आम्हाला त्यात ओढू नका." आणि माझी बाजू आधीच लंगडी: ११,००० यूपीआय, २,८९,००० आरटीजीएस, पण १,१५,००० रोख, पावती नाही. "रोख दिलेत तर आजच फायनल करतो" म्हणाला होता. वर डिलिव्हरी नोटवर बारीक अक्षरात छापलेलं: गाडी पाहून, चालवून, समाधान झाल्यावर जशी आहे तशी घेतली. खाली माझी सही, हार घातलेल्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून केलेली. चालवून! ५५ ने!

लिहून दिलं ते फक्त काकांनी. बिलबुकाचं पान फाडून, बॉलपेनने: "पुढचं ऊजवं चाक वाकडं. भोक मोठं. रींग नाही. म्हणून हालते." खाली सही, दुकानाचा शिक्का. वकिलांनी ते पान तक्रारीला जोडलंय.

नोटीस गेल्यावर डीलरचा पहिल्यांदाच आपणहून फोन आला. मला वाटलं, तडजोडीला आला. "दादा, ते अलॉय काढलेत म्हणे तुम्ही? असले तर द्या परत, चार हजार देतो. एक गिऱ्हाईक आहे."