लिलावाआधी बॉलर निवडायला क्रिकहीरोज : मधल्या बजेटच्या संघांसाठी

दिवाळीनंतर जालना, परभणी, बीडकडच्या तालुक्यांत टेनिस बॉलच्या लीगचे लिलाव सुरू होतात. पैसेवाला मालक नाव बघून पॉईंट (लिलावातले पैसे) ओततो आणि मधल्या बजेटचा संघ उरल्यासुरल्यातून बॉलर गोळा करतो. अशा संघासाठी क्रिकहीरोज हे स्कोअरिंगचं ॲप फार मोलाचं आहे. पाचपैकी चार गुण नक्की. मात्र ते वाचायची पद्धत माहीत पाहिजे. पावसाळ्यात काळ्या मातीची मैदानं बंद असतात, तेव्हाच हे काम उरकून घ्यावं.

बहुतेक जण गड्याचं प्रोफाइल उघडतात, एकूण विकेट बघतात आणि वहीत नाव लिहितात. फसगत इथंच होते. आधी फिल्टर लावून लेदर आणि टेनिस वेगळं करा. लेदरला सीमवर, म्हणजे बॉलच्या शिवणीवर, विकेट काढणारा गडी टेनिसला मार खाऊ शकतो, कारण टेनिस बॉलला तशी उठावदार शिवण नसते. इथं यॉर्कर (बॅटरच्या पायाशी पडणारा बॉल), वेग आणि हातातून काढलेला स्लोअर (मुद्दाम हळू टाकलेला बॉल) चालतो.

मग इकॉनॉमी, म्हणजे बॉलरनं ओव्हरमागं दिलेले रन. नुसता आकडा बघून काही कळत नाही, कारण एका मैदानाची बाउंड्री 45 मीटर तर दुसऱ्याची 60. त्यासाठी गड्याच्या शेवटच्या दहा मॅचचे स्कोअरकार्ड एकेक करून उघडा. समजा त्यानं 2 ओव्हरमध्ये 18 रन दिले, म्हणजे इकॉनॉमी 9. त्याच मॅचमध्ये दोन्ही संघांचे मिळून 16 ओव्हरमध्ये 184 रन झाले असतील, तर मॅचचा सरासरी दर 11.5. म्हणजे या गड्यानं ओव्हरमागं अडीच रन वाचवले. दुसऱ्या कुणाची इकॉनॉमी 7 असेल, पण त्या मॅचचा दरच साडेसहा असेल, तर तो महागडा बॉलर आहे. हा फरक दहाही मॅचचा काढा आणि सरासरी घ्या. त्यासाठी पैसे भरून प्रो सदस्यत्व घ्यायची गरज नाही. स्कोअरकार्ड आणि एक वही पुरते.

आठ मॅचचाच हिशोब हाती असेल तर जपून. मॅचला 2 ओव्हर धरून 16 ओव्हरमध्ये 128 रन म्हणजे इकॉनॉमी 8. त्यातली 8 रनची एक ओव्हर 24 ची झाली असती तर हाच आकडा 9 झाला असता. विकेटचंही तसंच, शेवटच्या ओव्हरला आंधळा फटका मारणाऱ्यांच्या विकेट कुणालाही मिळतात. त्यापेक्षा डॉट (रन न दिलेले बॉल) आणि वाईडचे रकाने जास्त खरं बोलतात. दोन ओव्हरमध्ये तीन वाईड टाकणारा बॉलर मोफत मिळाला तरी मला नको.

कॉमेंट्रीच्या भागात बॉल-बाय-बॉल नोंद असते. गडी पहिली ओव्हर टाकतो की शेवटची, ते तिथं कळतं. शेवटच्या दोन ओव्हर टाकून 10 ची इकॉनॉमी राखणारा मधल्या ओव्हरमध्ये 8 देणाऱ्यापेक्षा भारी, आणि लिलावात तो बऱ्याचदा स्वस्तात सुटतो. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये टॅम्पा बे रेज या कमी खर्चाच्या संघानं 2018 साली एरवी नंतर येणाऱ्या राखीव पिचरला (बॉल टाकणाऱ्याला) डावाच्या सुरुवातीलाच आणून समोरच्या सगळ्यात भारी बॅटरांशी भिडवलं आणि त्या मोसमात 90 मॅच जिंकल्या. बॉलर कोण, इतकाच तो कधी वापरायचा हाही प्रश्न असतो.

पाचवा गुण कापला तो नोंदींच्या भरवशामुळं. स्कोअर लिहिणारा गावातलाच पोरगा असतो. ओव्हर संपल्यावर बॉलर बदलायचं राहिलं की एकाचे रन दुसऱ्याच्या नावावर जातात. नंबर न टाकता गडी जोडला की एकाच माणसाची दोन-तीन प्रोफाइल होतात आणि रेकॉर्ड विखुरतं. म्हणून नावाबरोबर संघ आणि गावही शोधा. हात वाकवून फेकणारा बॉलर तर आकड्यांत ओळखूच येत नाही. त्यासाठी व्हिडिओ बघा, साईडनं काढलेला.

आता पॉईंट. 8 ओव्हरची मॅच आणि एका बॉलरला 2 ओव्हर असा नियम असेल, तर सगळ्यात महागडा बॉलरसुद्धा 48 पैकी 12 बॉलच टाकणार. 1 लाख पॉईंटमधले 40 हजार त्याच्यावर घातले तर उरलेले 36 बॉल कोण टाकणार? त्यापेक्षा प्रत्येकी 9-10 हजारांत, मॅचच्या दरापेक्षा एक-दीड रन कमी देणारे चौघे घ्या. त्यात एक डावखुरा आणि एक शेवटच्या ओव्हरवाला असावाच. पाचवा म्हणून बॅटिंग करणारा ऑलराउंडर बेस प्राइसला (बोली सुरू होते त्या किमतीला) उचला, कारण एखाद्या दिवशी कुणीतरी मार खाणारच.

बोली लावण्याआधी एक फोन करा. पोरं छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कंपन्यांत शिफ्टला असतात, काही पुण्याला. रविवारच्या मॅचला येणारा बॉलर बुधवारच्या नाईट मॅचला येईलच असं नाही, आणि ते ॲपमध्ये कुठंच लिहिलेलं नसतं.