भंडारा, गुलाल आणि गर्दी: सिग्मा १८-५० एफ/२.८ सणासुदीच्या फोटोंसाठी कशी आहे?

गावची जत्रा, गणपतीची मिरवणूक, खंडोबाची पालखी, वाड्यातलं जागरण असं सगळं हौसेने टिपणाऱ्याला कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या किट लेन्सची अडचण पहिल्याच हंगामात कळते. दिवसा ती निभावून नेते. दिवेलागण झाली की फोटो हलतात नाहीतर दाणेदार येतात. मग पुढची लेन्स कुठली, हा प्रश्न येतो. सोनी, फुजी किंवा कॅननची एपीएस-सी (फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) मिररलेस बॉडी हातात असेल, तर सिग्माची १८-५० एमएम एफ/२.८ डीसी डीएन कंटेम्पररी हे आमचं पहिलं उत्तर. या लेन्सचा एक दोष मात्र नेमका आपल्या सणांच्या आड येतो. तो समजून घेतला नाही, तर जेजुरीच्या एका सोमवती यात्रेतल्या भंडाऱ्यात चांगली लेन्स खराब होऊ शकते.

लेन्स २०२१ मध्ये सोनी ई आणि एल माउंटसाठी (माउंट म्हणजे बॉडीला लेन्स जोडायची बैठक) आली, नंतर फुजी एक्ससाठी आणि २०२४ मध्ये कॅनन आरएफसाठी. वजन २९० ग्रॅमच्या आसपास, माउंटप्रमाणे पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे. फिल्टर ५५ एमएमचा. सोनी आणि फुजीवर ती फुलफ्रेमच्या (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबात २७-७५ होते, कॅननवर साधारण २९-८०. एफ/२.८ हे छिद्र (आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त) पूर्ण झूमभर कायम राहतं. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, फोकस रिंगवर अंतराचे आकडे नाहीत आणि ऑटो-मॅन्युअल फोकसचा खटकाही नाही.

लहान आकाराचं महत्त्व मिरवणुकीत कळतं. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर ढोलपथकाचं रिंगण लागलं की दोरी आणि पथक यांच्यामध्ये उभं राहायला जेमतेम हातभर जागा मिळते. तिथे मोठी लेन्स काढली की वादक बिचकतात, कार्यकर्ते हटकतात आणि मागच्याच्या खांद्याला ती लागते ते वेगळंच. ही लेन्स लावलेला कॅमेरा छातीशी धरून उभं राहता येतं. रेंजही अशा जागेसाठी नेमकी आहे. वादकापासून दोन-सव्वादोन मीटरवर उभे असाल तर १८ वर तो ढोलासकट पायापर्यंत मावतो. जागा न सोडता झूम ५० वर नेला की डोक्यापासून छातीपर्यंतची चौकट मिळते. मिरवणुकीत पुढेमागे सरकणं आपल्या हातात नसतं. त्यामुळे एका जागेवरून हे दोन्ही फोटो मिळणं मोठी गोष्ट आहे.

आता उजेडाचं. नेहमीची १८-५५ किट लेन्स लांबच्या टोकाला एफ/५.६ वर जाते. एफ/२.८ म्हणजे तिच्यापेक्षा पूर्ण दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट उजेड. जिथे किट लेन्सला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १२८०० लागतो, तिथे हिला ३२०० पुरतो. रात्री मंडळाच्या रोषणाईत एफ/२.८, शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ ३२०० ही सुरुवात ठेवा आणि तिथून वरखाली करा. एलईडीच्या माळांमुळे फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि या वेगांना ते जुळतं. मोठ्या एलईडी पडद्यांचा ताल वेगळा असतो, तिथे हे सूत्र नेहमी चालेलच असं नाही. सायलेंट शटर बंद करून मेकॅनिकल शटर मात्र दोन्हीकडे वापरायचं.

स्टॅबिलायझेशन नसण्याबद्दल बरीच तक्रार ऐकू येते. सणांच्या फोटोग्राफीत ती अर्धीच खरी आहे. नाचणारा, ढोल बडवणारा, लेझीम खेळणारा माणूस थांबवायला १/२५० ते १/५०० लागतंच, आणि त्या वेगाला हाताची थरथर फोटोत उतरत नाही. ढोलाचं टिपरू मुद्दाम फिसकटलेलं हवं असेल तर १/६० ठेवा. वादकाचा चेहरा स्थिर आणि हात धूसर, असा फोटो तेव्हा मिळतो, पण दहातले दोन-तीनच जमतील हे धरून चला. स्टॅबिलायझेशनची उणीव खरी जाणवते ती न हलणाऱ्या गोष्टींना: अंधारा गाभारा, रात्रीची दीपमाळ, समईच्या उजेडातली आरती. बॉडीतच स्टॅबिलायझेशन असेल तर हा प्रश्न उरत नाही. नसेल तर खांबाला टेका, श्वास रोखा आणि एका दमात चार-पाच फोटो घ्या. त्यातला एखादा स्वच्छ येतो.

आता त्या दोषाकडे. झूम फिरवला की या लेन्सची पुढची नळी बाहेर येते. नळी बाहेर येताना आतली जागा वाढते आणि फटीतून हवा आत ओढली जाते. रबराचं सील आहे ते फक्त माउंटपाशी. नळीच्या फटीला तसं काही नाही. साध्या धुळीत फार बिघडत नाही. भंडारा म्हणजे मात्र हळद, बारीक आणि किंचित तेलकट. ती नळीवर बसली आणि तशीच नळी मागे घेतली की पूड आत ढकलली जाते. पुढे झूम जड होतो, मग अडखळायला लागतो आणि आतल्या काचेवर पिवळट ठिपके दिसतात.

यावर उपाय आहेत आणि ते सगळे जेजुरीला पोचण्याआधी करायचे आहेत. साधा पारदर्शक फिल्टर लावा आणि त्यावर हुड (लेन्सच्या तोंडावरचं कडं) चढवा. भंडाऱ्याबरोबर खोबऱ्याचे तुकडेही उधळले जातात, त्यांचा मार हुड झेलतो. मग झूम १८ वर आणून नळी जिथे मुख्य अंगात शिरते त्या फटीवर कागदी सर्जिकल टेपचा एक वेढा द्या. सेलोटेप नको, उन्हात तिचा गोंद सुटून लेन्सला चिकटतो. त्यानंतर गडावर ही १८ एमएमची प्राइम (झूम नसलेली) लेन्स आहे असंच समजायचं. झूम हवाच असेल तर टेपऐवजी पातळ प्लॅस्टिकची पिशवी घ्या. तिला पुढे भोक पाडून तोंड हुडभोवती रबरबँडने आवळा आणि मागचा भाग बॉडीवर सैल सोडा. पिशवी ताणलेली असेल तर नळी पुढे येताना ती ओढली जाते आणि हुड निसटतो. लेन्स बदलायची असेल तर ती गड उतरून, बंद गाडीत.

उधळणीत ऑटोफोकसवर विसंबू नका. याची मोटर जलद आणि शांत आहे, एरवी तिच्याबद्दल तक्रार नाही. पण हवेत हळदीचा पडदा उभा राहिला की कुठलीही लेन्स त्या पुडीवरच फोकस लावते नाहीतर मागेपुढे भटकत राहते. १८ एमएम, एफ/८ आणि दोन मीटरवर फोकस ठेवला तर साधारण एक मीटरपासून मागच्या तटबंदीपर्यंत सगळं नेटकं येतं. एफ/५.६ वर फोकस तीन मीटरवर ठेवावा लागतो आणि जवळची हद्द दीड मीटरवर जाते. रिंगवर आकडे नसल्याने दोन मीटरवरच्या माणसावर ऑटोफोकस लावायचा आणि मग बॉडीच्या बटणाने मॅन्युअलवर जायचं. त्यानंतर रिंगला हात लावायचा नाही. कॅमेरा बंद केला किंवा झोपी गेला की फोकसची जागा हलू शकते, म्हणून चालू केल्यावर पुन्हा लावून घ्यायचा. शटर १/१०००. उन्हात एफ/८ ला आयएसओ ४०० च्या आतच भागतं. ‘येळकोट येळकोट’ सुरू झालं की मुठी वर जातात. बोटं उघडायच्या आधी बर्स्ट (सलग फोटो) सुरू करा. पूड मुठीतून सुटते तेव्हा तिला आकार असतो, अर्ध्या सेकंदाने नुसतं पिवळं धुकं उरतं.

एक्स्पोजरच्या बाबतीत भंडारा आणि गुलाल यांना एकच सूत्र लावण्याची चूक बरेच जण करतात. उन्हातला भंडारा उजळ असतो. चौकट त्याने भरली की कॅमेरा फोटो गडद करतो आणि पालखी वाहणाऱ्यांचे चेहरे बुडतात. तिथे अर्धा स्टॉप वर जा. गुलालाचं उलटं आहे. गडद गुलाबी रंग कॅमेऱ्याच्या मीटरला काळोखा वाटतो, तो एक्स्पोजर वाढवतो आणि लाल चॅनल फुटून कपाळावरचा गुलाल सपाट डाग होतो. तिथे दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली या. साध्या हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) हे दिसत नाही, तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर भंडारा लिंबासारखा आणि माणसं राखाडी दिसतात. दिवसा ५२०० केल्व्हिनवर ठेवा, आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा.

परत आल्यावर सफाई नीट क्रमाने करा. आधी टेप काढा. नळी अजिबात बाहेर न काढता, लेन्सचं तोंड जमिनीकडे धरून, रंगकामाच्या मऊ कोरड्या ब्रशने फटीभोवतीची पूड झाडा. मग ब्लोअर मारा. मग हुड काढा, शेवटी फिल्टर, तोही तोंड खाली ठेवूनच. फिल्टरच्या आट्यांत हळद अडकली की तो घट्ट बसतो, जुन्या टूथब्रशने त्या मोकळ्या करा. पंपाच्या हवेने फुंकू नका, त्या जोराने पूड आतच जाते. साबणाचं पाणीही लावू नका. हळदीला साबण किंवा चुना लागला की ती लाल होते. पट्टा आणि रबर पिवळं झालं असेल तर किंचित ओलसर फडक्याने पुसा. कापडी पट्टा दोन-तीन दिवस उन्हात टाका, हळदीचा डाग उन्हाने फिका पडतो.

चित्राची गुणवत्ता सणांच्या कामाला पुरून उरते. मधला भाग एफ/२.८ लाच धारदार आहे. १८ वर कडा थोड्या मऊ राहतात आणि एफ/५.६ ला सुधारतात. १८ वर सरळ रेषांना बाहेरचा बाक येतो, जेजुरीच्या दगडी कमानी आणि दीपमाळा काढताना तो ठळक दिसतो. बॉडीतली दुरुस्ती चालू ठेवली किंवा सॉफ्टवेअरने प्रोफाइल लावलं की बाक जातो, पण त्यात कडेचा थोडा भाग कापला जातो. कमान चौकटीला चिकटवून न बसवता थोडी जागा सोडा.

जवळच्या फोटोंसाठी ही लेन्स भलतीच कामाची आहे. १८ वर १२.१ सेंटिमीटरपर्यंत फोकस लागतो आणि साडेसहा सेंटिमीटर रुंदीची चौकट भरते: वाटीतला भंडारा, ताशाच्या कातड्यावरचे ओरखडे, पालखीच्या दांडीवर घट्ट झालेली बोटं. हे अंतर सेन्सरपासून मोजलेलं आहे. प्रत्यक्षात काचेपुढे अडीच सेंटिमीटरच उरतात, त्यामुळे हुड काढावा लागतो आणि लेन्सची सावलीही पडते. वाघ्याच्या हातातली दिवटी मात्र इतक्या जवळून काढू नका. बुधलीतून तेल ओतताना ज्योत एकदम उसळते. दिवटी ५० वर, हात-दीड हात अंतरावरून काढा.

कुठे कमी पडते? वारीच्या गोल रिंगणात, मग ते बेलवाडी असो की पुरंदवडे. अश्व धावतात ते कड्यापासून दूर, आणि ५० एमएमला ते खेळण्याएवढे दिसतात. दहीहंडीत वरच्या थरांचंही तेच. या दोन प्रसंगांसाठी २०० एमएमपर्यंत जाणारी लेन्स हवी. आषाढातल्या पावसातही सिग्मा उघडी वापरू नका. तुमच्याकडे सोनी किंवा फुजीची, स्टॅबिलायझेशन नसलेली बॉडी असेल, वारी आणि गाभारे जास्त काढत असाल आणि वजन चालणार असेल, तर टॅमरॉन १७-७० एफ/२.८ पाहा. तिच्यात स्टॅबिलायझेशन आहे, ओलाव्यापासून बचावाचं सीलिंग आहे आणि पोचही जास्त आहे. पण वजन ५२५ ग्रॅम, फिल्टर ६७ एमएमचा, आणि ढोलाच्या रिंगणात ती लगेच नजरेत भरते. नळी तिचीही बाहेर येते, त्यामुळे भंडाऱ्यातले नियम तेच. रस्त्यावरच्या मिरवणुकीसाठी आम्ही सिग्माच सुचवू.

जुनी घेणार असाल तर सणाचे फोटो काढणाऱ्याकडची लेन्स विशेष तपासा. झूम पूर्ण बाहेर काढून नळीवर पांढरा रुमाल फिरवा, पिवळा किंवा गुलाबी डाग आला तर पूड आत गेली असं समजा. मग लेन्स कानाजवळ धरून झूम सावकाश १८ वरून ५० वर न्या. जात्यात वाळू आल्यासारखी करकर ऐकू आली तर किंमत कितीही कमी सांगितली तरी ती घेऊ नका.